सगळं पोचलंय, असं मशीन म्हणालं

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात 'अजून एकदा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ठाऊक आहे, आणि तिला त्याचा रागही येत नाही. उलट ते नाव तिला थोडं मानाचंच वाटतं असा माझा संशय आहे. ऑफिस लहान, सात माणसांचं. ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांसाठी ते एक प्रोग्रॅम बनवतात. टॅबलेटवर शब्दांचे चौकोन असतात, 'पाणी' या चौकोनावर बोट ठेवलं की टॅबलेट 'पाणी' म्हणतो. तो शब्द कुणीतरी माइकसमोर बसून म्हटलेला असतो. तो नीट कापायचा, त्यातली खरखर काढायची आणि बरोबर त्या चौकोनामागे बसवायचा, हे हिचं काम. आवाज देणारे कलाकार येतात, काचेपलीकडे बसतात, जीव ओतून 'पाणी' म्हणतात. ही कानावरचा हेडफोन जरा सरकवते आणि म्हणते, "छान. अजून एकदा."

घरीही तेच. एका जागी बसणं हा प्रकार तिच्या अंगातच नाही. फोनवर बोलताना चालते, दात घासताना चालते, वाचताना सुद्धा पुस्तक हातात धरून खिडकी ते दार अशा फेऱ्या घालते. एवढी घाई अंगात असलेल्या बाईच्या हातून गोष्टी भराभर बाहेर पडायला हव्यात, पण तिथेच सगळं उलटं. काहीही हातावेगळं करायचं म्हटलं की तिला ते अजून अपुरंच वाटतं. अर्ज शेवटच्या दिवशी, पत्र शेवटच्या टपालाला. मी लग्नाचं विचारलं तेव्हा होकार कळवायला तिने अकरा दिवस लावले. पुढे कळलं की होकार पहिल्याच दिवशी ठरला होता, उरलेले दहा दिवस मजकूर सुधारण्यात गेले. ते दहा दिवस माझी काय अवस्था होती हे तिने आजतागायत विचारलेलं नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढायचा, काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची, संपलं. म्हणून तिच्या कामातली एक रीत मला कधी पटली नाही. ती रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, तेव्हा मला जेवढी समजली तेवढी सांगतो. या लोकांचं सगळं काम एका दूरच्या सामाईक साठ्यात असतं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्याची एकेक प्रत. आपल्या प्रतीत काही बदललं की त्याची नोंद करायची, नोंदीला दोन ओळींचा मजकूर लिहायचा. पण ही नोंद आपल्याच लॅपटॉपवर राहते. ती सामाईक साठ्यात जायची असेल तर वेगळी पाठवावी लागते. त्याला पुश करणं म्हणतात. पुश केलं की काम सगळ्यांचं झालं, मग तुमचा लॅपटॉप विहिरीत पडला तरी चिंता नाही.

बाकीचे सहाजण रोज संध्याकाळी पुश करून घरी जातात. ही दिवसाला दहा नोंदी करणार आणि पुश तीन आठवड्यांनी. का, तर अजून थोडं बाकी आहे. "कच्चं काम लोकांपुढे कसं टाकू?" असं म्हणते. मी म्हणतो, अगं, लोक म्हणजे कोण, सहाजण, त्यातला एक तर तुझा डबा चोरून खातो. पण ते तिच्या डोक्यात शिरत नाही.

तिचे वडील लिफ्टचे मेकॅनिक होते. चाळीस वर्षं इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या डक्टमध्ये उभे राहून त्यांनी वरच्या माणसाला ओरडून सांगितलं, 'सोड', 'थांब', 'अजून घे'. दिवसभर एवढं ओरडल्यावर घरी बोलायचं काही उरत नसावं. घरात त्यांचा मुख्य शब्द 'हं' हा होता. जेवण झालं का, हं. दार लावलं का, हं. माझी पहिल्यांदा ओळख करून दिली तेव्हाही त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, एखाद्या जुन्या मोटरकडे बघावं तसं, आणि 'हं' म्हणाले. तो होकार होता हे मला बायकोने बाहेर आल्यावर सांगितलं.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. मग आवाज घोगरा व्हायला लागला. आधी सर्दी म्हणून झालं, मग औषधं झाली, मग मोठ्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि आम्हाला दोघांना आत बोलावलं. गाठ वाईट होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, म्हणाले. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या उपायांनी थोडंफार बोलता येईलही, पण तो आवाज वेगळा असेल. ऑपरेशन एकोणीस दिवसांनी.

बाहेर येऊन ही पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून चालत सुटली. मी मागे. तिसऱ्या फेरीला ती थांबली आणि म्हणाली, "मी बाबांचा आवाज घेऊन ठेवते. पूर्ण यादी. तेराशे बारा शब्द."

टॅबलेटवर परक्याचा आवाज नको, बाबांचाच हवा, हे तिचं म्हणणं. ऑफिसने लगेच परवानगी दिली. एरवी कलाकारांचे आवाज ऑफिसच्या स्टुडिओत रेकॉर्ड होतात आणि तिथला माणूस ते परस्पर एका वेगळ्या जागी ठेवतो. पण बाबा स्टुडिओत जायला तयार नव्हते, तेव्हा हिने घरीच मांडामांड केली. आमच्या झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं केलं, आतून गोधड्या लावल्या, त्यात एक स्टूल, एक माइक. सासरे त्या कपाटात बसायचे आणि ही बाहेर जमिनीवर, लॅपटॉप मांडीवर, एक गुडघा सारखा हलत.

"म्हणा, 'कृपया'."

"हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही."

"बाबा, यादीत आहे."

"मग यादीला लागत असेल. मला लागत नाही."

"म्हणा ना हो."

"कृपया." कुणाला तरी दम द्यावा तसं.

"अजून एकदा. जरा मऊ."

कपाटातून मोठा सुस्कारा ऐकू यायचा. दुकानातून परत आलो की मी दारात उभा राहून ही गंमत ऐकायचो. 'माफ करा' म्हणायला त्यांनी साफ नकार दिला, दोन दिवस नकार दिला, आणि तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघून एकदाच म्हणाले. 'मला एकटं वाटतंय' हे वाक्य आलं तेव्हा म्हणाले, "हे असलं टॅबलेट कशाला सांगेल? सांगायचं असेल तर माणूस सांगेल." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ते वाक्य म्हणून टाकलं. बदल्यात त्यांनी सात शिव्या यादीत घालून घेतल्या. त्या मात्र पहिल्याच फटक्यात खणखणीत दिल्या. एकदाही 'अजून एकदा' म्हणावं लागलं नाही.

खरं सांगतो, ते एकोणीस दिवस आमच्या घरातले सगळ्यात बोलके दिवस होते. बाप-लेक आयुष्यभरात जेवढं बोलले नसतील तेवढं त्या कपाटातून बोलले. घोगरा होता आवाज, मध्येच चिरकायचा, पण त्यांचा होता.

आणि माझा जीव मात्र टांगणीला. कारण हे सगळं तिच्या एका लॅपटॉपवर होतं.

"पुश केलंस का?" मी रोज विचारायचो.

"साफ करतेय. 'दार'मध्ये बाहेरच्या गाडीचा हॉर्न आलाय."

"हॉर्नसकट पुश कर!"

"अरे, तुला कळत नाही त्यातलं."

"मला एवढं कळतं की तो लॅपटॉप तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतेस, पाण्याच्या भांड्याशेजारी."

शब्दाला शब्द वाढायचा. मग ती उठून फेऱ्या मारायला लागायची आणि मीही दुसऱ्या दिशेने. कपाटाच्या दारातून सासरे आम्हाला येताजाता बघायचे आणि 'हं' म्हणायचे. एकसष्ट नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत कापाकापीचे आकडे, कुठे सुरू, कुठे संपलं, आणि तिचे शेरे. पुश शून्य.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, हॉस्पिटलची बॅग भरून दारात ठेवलेली असताना, मी तिच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "आता. माझ्यासमोर."

तिने पुश केलं. मशीनने ते परत पाठवलं. माझं धाबं दणाणलं. पण ती म्हणाली, घाबरू नकोस, मधल्या काळात इतरांनी त्यांचं काम पाठवलंय, ते आधी आपल्याकडे उतरवून घ्यावं लागतं, मग आपलं जातं. तिने ते उतरवून घेतलं, दोन्ही जुळवलं आणि पुन्हा पाठवलं. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. खात्रीसाठी तिने पुन्हा एकदा विचारलं, तर मशीन म्हणालं, सगळं पोचलंय, पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही.

"इतक्यात?" मी म्हटलं.

"आज नेट बरंय."

मी शिकलेलो नाही त्यातलं. पण काचा घासणाऱ्या माणसाला एवढं कळतं की जड गोष्टीला वेळ लागतो. तेराशे शब्दांचे आवाज चार सेकंदांत कुठे जातील? हे माझ्या मनात आलं होतं, आणि मी बोललो नाही, कारण टॅक्सी येऊन उभी होती.

ऑपरेशन आठ तास चाललं. नीट झालं. सासरे शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक, त्यात नळी, आणि त्यांनी तोंड उघडलं तर नळीतून नुसती हवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली, मला बघवेना. तिने मात्र त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. तुमचा आवाज माझ्याकडे आहे."

तिसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसातून फोन. सगळ्यांचे लॅपटॉप बदलायचे होते, जुने भाड्याचे होते, ते पुसून परत जायचे होते आणि जमा करायची मुदत त्याच दिवशी. ही हॉस्पिटल सोडायला तयार नाही. म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेलो. तिथे मशिनींची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ आहेत, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, बोलणं मोजकं. त्यांनी वहीत सही घेतली आणि विचारलं, "सगळं पुश केलंय ना त्यांनी? कारण मी हे पूर्ण पुसतो. परत काही निघत नाही."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "केलंय. माझ्यासमोर केलंय. सगळं पोचलंय."

हे शब्द माझे आहेत. तिने आजवर एकदाही मला ते ऐकवले नाहीत, पण मी ते विसरलेलो नाही.

नवीन लॅपटॉप मिळाला, आठवडाभराने सासरे घरी आले आणि ही दुपारी जेवणाच्या टेबलावर बसली. सामाईक साठ्यातून सगळं उतरवून घेतलं. यादी आली. एकसष्ट नोंदी आल्या. आकडे आले, शेरे आले, हॉर्नची तक्रार आली. आवाजांचा फोल्डर आला नाही. तिने पुन्हा उतरवलं. मग ती उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

झालं असं होतं. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक छोटी फाइल असते, वगळायची यादी. त्यात जे लिहिलं असेल ते मशीन नोंदीत घेतच नाही. 'जे जे नवीन आहे ते घे' असं सांगितलं तरी ते तेवढं सोडून बाकीचं घेतं, आणि सोडलं म्हणून सांगतही नाही. चार वर्षांपूर्वी कुणीतरी जड आवाजफायली टाकून तो साठा बुजवला होता, तेव्हा त्या यादीत एक ओळ घातली गेली की आवाजाच्या सगळ्या फायली वगळा. त्यानंतर आवाज वेगळ्या जागी जायला लागले, स्टुडिओच्या माणसाकडून. बाबांचे आवाज स्टुडिओत झालेच नव्हते. एकसष्ट वेळा तिने नोंद केली, एकसष्ट वेळा मशीनने आकडे घेतले, शेरे घेतले, आणि बाबांना वगळलं.

ती ओळ कुणी घातली हे मशीन सांगतं. तिने विचारलं. तिचंच नाव आलं. शेजारी तिचाच शेरा होता, "आता साठा हलका राहील."

पुढचे तीन दिवस आम्ही सैरावैरा धावलो. मशिनीवाल्या गृहस्थांच्या घरी सकाळी सात वाजता जाऊन उभे राहिलो. ते बनियनवरच बाहेर आले, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. लॅपटॉप अजून गेले नव्हते, त्यांनी तो शोधून काढला, दोन ठिकाणी नेला. काही निघालं नाही. पुसायचं काम ते चोख करतात. हिने आपला फोन धुंडाळला, माझा धुंडाळला. सासऱ्यांनी कधी आवाजी निरोप पाठवला नव्हता, फोनवरही ते 'हं' च्या पुढे जात नसत आणि ते 'हं' कुणी कशाला साठवेल? आमच्या लग्नाचा व्हिडिओ निघाला. त्यात ते तीनदा दिसतात, तिन्ही वेळा खुर्च्या उचलताना, तोंड बंद.

आणि घरी ते वाट बघत होते. त्यांच्याकडे एक पाटी होती, पुसता येणारी, पांढरी. रोज सकाळी चहाबरोबर ती पाटी वर यायची. "झालं का?"

"साफ करतेय, बाबा."

दुसऱ्या दिवशी, "झालं का?"

"थोडं बाकी आहे."

नऊ दिवस. तिचं वजन उतरलं. ती आता खोलीत चालत नव्हती, जिन्यात चालत होती, खालीवर, म्हणजे बाबांना पायरव ऐकू जाऊ नये. मी म्हणायचो, सांगून टाक. ती म्हणायची, उद्या. मला राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची, कारण सांगायचं मलाही होतं, अर्धा वाटा माझा होता, आणि मीही तोंड चुकवत दुकानात लवकर जात होतो.

दहाव्या दिवशी पाटीवर वेगळं वाक्य होतं. "गेलं का?"

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वगळायची यादी, ती ओळ, आपलं नाव, पुसलेला लॅपटॉप. मी मध्ये म्हणालो, "लॅपटॉप मी दिला, बाबा." त्यांनी हाताने मला गप्प केलं. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, "'कृपया' गेला ते बरं झालं."

ती हसली, आणि हसताहसता तिला इतकं रडू कोसळलं की तिला खाली बसावं लागलं. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा लिहायला पेन टेकवलं आणि काहीच न लिहिता खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. गळ्यातल्या नळीतून नुसती हवेची शिट्टी येत होती. माणूस रडतो तेव्हा आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. आवाज नसला की बघणाऱ्यालाच काय करावं ते सुचत नाही.

ऑफिसने टॅबलेट दिला, त्यांच्या साठ्यातल्या एका कलाकाराच्या आवाजातला. आवाज उत्तम आहे, खोल, गुळगुळीत. त्या आवाजात सासरे एखाद्या बँकेसारखे बोलतात. 'चहा हवा आहे.' 'धन्यवाद.' ते दिवसाला चारदा चौकोन दाबतात आणि प्रत्येक वेळी टॅबलेटकडे असे बघतात की हा कोण मध्येच बोलला. दाराशी कुणी आलं की मात्र मुद्दाम दाबतात, समोरचा दचकतो ते बघायला.

हिने ऑफिसात ती वगळायची यादी बदलली, बाबांसारखी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून मशीनला आता सोडलेल्या फायलींची नावं सांगायला लावलं आहे. रोज संध्याकाळी पुश करते. कच्चं, पक्कं, जसं असेल तसं. आणि तरी चालायची थांबलेली नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी ती यादीचे कागद घेऊन खोलीत फेऱ्या घालत होती. तेराशे बारा शब्द, वरून खाली, खालून वर.

"काय शोधतेस?"

"बाबा मला हाक कशी मारायचे?"

"पोरी म्हणायचे."

"ते माहीत आहे. कसं म्हणायचे?" ती थांबली. "मला ऐकू येत नाहीये रे. परवापर्यंत येत होतं. आणि इथे बघ, यादीत आहेच कुठे? 'मुलगी' आहे, 'कन्या' सुद्धा आहे, ते कोण म्हणतं देव जाणे. 'पोरी' नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. सगळं पोचलं असतं ना, तरी ते नव्हतंच."

तिने कागद टेबलावर टाकले आणि तोंड धुवायला आत गेली. नळाचं पाणी जोरात सोडलेलं ऐकू आलं.

मला काय सुचलं कोण जाणे. मी तिथेच उभा राहून हळूच म्हणून बघितलं, "पोरी." छे. माझ्या तोंडी ते भाजीवालीला हाक मारल्यासारखं वाटलं. पुन्हा म्हटलं, जरा घोगरं. त्याहून वाईट. दाराशी काठी आपटली. सासरे दारात येऊन उभे होते, किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी जोरात मान हलवली. नाही, असं नाही.

मी म्हटलं, "मग कसं, बाबा?"

ते जवळ आले, काठी भिंतीला टेकवली आणि उजवा हात वर केला, डक्टमधून वरच्या माणसाला खूण करत असतील तसा. हात खालून सुरू झाला, सावकाश वर गेला, वरती बराच वेळ थांबला आणि एकदम तुटला. मी त्या हाताबरोबर म्हटलं. त्यांनी नाक मुरडलं. बोटं एकत्र करून माझ्या छातीवर टेकवली. इथून काढा, घशातून नको. पुन्हा हात. मी पुन्हा म्हटलं. दोन बोटं लांब ओढली, शेवट लांबवा. पुन्हा. त्यांचा घाम निघाला होता, माझाही. सहाव्या की सातव्या वेळेला त्यांचा हात वर गेला, थांबला, तुटला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं.

आत नळ बंद झाला.

"आले, बाबा!" ती आतून म्हणाली. नेहमीसारखी, घाईत, कामात असल्यासारखी. आणि हात पुसत पुसत बाहेर आली सुद्धा.